सहा बाय सहा, तरी ओळ सुटते

चौथीतली एक मुलगी गेल्या महिन्यात माझ्यासमोर फळ्यावरचा उतारा उतरवून घेत होती. वर बघायची, दोन अक्षरं लिहायची, पुन्हा वर बघायची. आणि तेवढ्यात आधीची जागा हरवलेली असायची. तिसऱ्या ओळीचा पहिला अर्धा भाग आणि पाचवीचा शेवट मिळून वहीत एक नवंच वाक्य तयार झालं होतं. मधूनच ती डावा डोळा तळहाताने झाकायची. बाई म्हणाल्या, "तोंडी विचारा, सगळं येतं. लिहायचाच कंटाळा." आईने पिशवीतून डोळे तपासल्याचा कागद काढून दाखवला. दोन्ही डोळे सहा बाय सहा.

तो कागद खोटा नव्हता. पण ती तपासणी सहा मीटरवरच्या तक्त्याची, एकेका डोळ्याची, सुट्या अक्षरांची. पुस्तक वाचायचं ते हातभर अंतरावरून, दोन्ही डोळ्यांनी, ओळीमागून ओळ. त्यासाठी दोन्ही डोळे नाकाकडे वळून तिथे टिकावे लागतात. काही मुलांचे ते टिकत नाहीत. मग अक्षरं दुहेरी दिसतात, हलतात, कपाळ दुखतं. डॉक्टर याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. पहिला अंदाज घ्यायला एक पेन पुरतं: टोक हळूहळू नाकाकडे आणायचं आणि एकाची दोन टोकं कधी दिसू लागतात ते विचारायचं. मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटत असतं.

त्यात आपली देवनागरी. वर मात्रा, खाली उकार, आधी लिहायची पण नंतर उच्चारायची पहिली वेलांटी, आणि सगळं एका शिरोरेषेला टांगलेलं. इयत्तेगणिक पुस्तकातलं अक्षरही बारीक होत जातं.

पण म्हणून वाचनाची प्रत्येक अडचण डोळ्यांच्या माथी मारू नका. 'घ'चा 'ध' वाचणारं मूल बघितलं की दोष नजरेचाच वाटतो. डिस्लेक्सियाचं मूळ मात्र बहुतेक वेळा आवाज आणि अक्षर यांची सांगड न बसण्यात असतं. याच आईच्या गळ्यात एका दुकानात रंगीत काचांचा चष्मा मारला होता, वाचन सुधारेल म्हणून. मला त्याचा संताप येतो. अशा काचांनी डिस्लेक्सिया हटतो याला पुरेसा पुरावा नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009मध्येच एकत्रितपणे सांगितलं आहे. डोळे वळवण्याच्या व्यायामांचंही तसंच तारतम्य हवं. त्यांनी दुहेरी दिसणं कमी होतं. पण 2019मध्ये तिथेच प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सोळा आठवडे खरे व्यायाम केलेल्या मुलांचं वाचन, नुसते दिखाऊ व्यायाम केलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारलं नाही. म्हणजे डोळा बरा करायचा तो डोळ्यासाठी. वाचन वेगळं तपासायचं आणि वेगळं शिकवायचं.

तपासायला साधन नाही, ही सबब आता चालणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचाही, समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळाशाळांत जातात, त्यांच्या यादीत नजर आणि शिकण्यातल्या अडचणी दोन्ही आहेत. दूरच्या तक्त्यानंतर त्यांनी प्रत्येक मुलाला पेनाचं टोक दाखवावं आणि पुस्तकातल्या चार ओळी मोठ्याने वाचायला लावाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. दोन-तीन मिनिटं जास्त लागतील.

त्या मुलीला पेनाचं टोक वीतभर लांब असतानाच दोन दिसलं. व्यायाम सुरू झाले आहेत. बाईंनी तिला फळ्याऐवजी बाकावरच्या पुस्तकातून उतरवायला सांगितलं आहे, ओळीखाली पट्टी ठेवून. वाचनाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी आईला कामावर खाडा करावा लागणार आहे.