डबी शिकवा, पण पंथासह

अमेरिकेतील शेकर पंथाची लंबगोल लाकडी डबी वृद्धांना केवळ विरंगुळा म्हणून शिकवावी, हे मला पटत नाही. १७७४ साली ॲन ली ही बाई मूठभर अनुयायांसह इंग्लंडहून अमेरिकेत गेली. आजन्म ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता आणि काम हीच उपासना, असा तिचा पंथ. पोटचा वारस नाही. अनाथ पोरे आणि बाहेरून आलेली माणसे यांच्यावरच तो टिकला. आता मेन राज्यातील सॅबथडे लेक येथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके साधक उरले आहेत.

डबीचेच पाहा ना. मेपलची पातळ पट्टी गरम पाण्यात मऊ करून साच्याभोवती वळवायची. तिचे टोक बोटांसारखे कातरलेले असते. त्यामुळे लाकूड हवेप्रमाणे फुगले-आकसले तरी सांधा तडकत नाही. खिळे तांब्याचे, कारण लोखंड गंजून लाकडाला डाग पडतात. हे सारे हाताला कळते. डबीवर नक्षी का नाही, हे मात्र इतिहासच सांगेल. पट्टी भिजते तेवढ्या वेळात तो सांगून होतो.

वृद्धांपुढे संपत आलेल्या घराण्याची गोष्ट कशाला, अशी भीड कुणी बाळगील. ती अनाठायी आहे. आपल्यामागे घरातील वस्तू कुणाच्या हाती द्यायच्या, हा विचार त्यांनी कधीच सुरू केलेला असतो.