स्वभावाला औषध नाही म्हणे!

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्याकडे निदान म्हणून वापरतात. पोरगी क्षणात जीव लावते, क्षणात नातं तोडते, रागाच्या भरात स्वतःला इजा करून घेते. सोलापुरातल्या घराघरांत यावर ठरलेलं उत्तर असतं: 'नाटकं आहेत, स्वभावच तसा.'

हे साफ चूक आहे. अशा वागण्यामागे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असू शकतो, आणि तो माणूस सुधारतो. अमेरिकेतल्या मॅकलीन हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या २९० रुग्णांचा मेरी झानारिनी यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्ण किमान सलग दोन वर्षं या निदानातून बाहेर राहिले. लंडनमध्ये बेटमन आणि फोनागी यांनी गोळ्यांवर भर न देता, स्वतःचं आणि समोरच्याचं मन वाचायला शिकवणारी थेरपी दिली. उपचार थांबल्यावर पाच वर्षांनी त्यांच्यातले १३ टक्केच निदानात बसत होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले ८७ टक्के. अभ्यास लहान, ४१ जणांचा. पण फरक बघा!

म्हण अर्धीच खरी. गोळी नाही, इलाज आहे.

मात्र मॅकलीनच्या रुग्णांत दहा वर्षांनी नोकरी आणि नाती दोन्ही नीट सावरलेले निम्मेच होते. लक्षणं आधी जातात, आयुष्य मागून येतं. कॉलेज सुटलेलं असतं, माणसं तुटलेली असतात. म्हणून 'स्वभाव' म्हणत घालवलेलं प्रत्येक वर्ष महाग पडतं.

आता सोलापुरात ही थेरपी शोधा. ती दर आठवड्याला, वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागते. त्यासाठी दर आठवड्याला पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठणं किती घरांना झेपेल? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरा. पण बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते ॲडमिट झाल्यावर. म्हणजे सावरायला मदत नाही, कोसळल्यावर आहे.

'एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?' हा बहाणाही चालणार नाही. लंडनमध्ये ही थेरपी मुख्यतः प्रशिक्षण दिलेल्या नर्सेसनीच दिली होती. प्रत्येक जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक गट चालवा, नर्सेसना शिकवा, सेशनचे पैसे विम्यातून द्या. तोवर टेली-मानसचा १४४१६ नंबर सेव्ह करून ठेवा. आणि घरात कुणी 'स्वभावच तसा' म्हणालं, तर गप्प बसू नका.