आज बंदरावर काय आलंय?

दिवाळीपासून नाताळपर्यंत रत्नागिरीच्या खाणावळींत जागा मिळणे अवघड होते. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून गाड्या येतात आणि त्यांत दोघेच निघालेली जोडपीही बरीच असतात. एक-दोन दिवस शहरात काढायचे, थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग पाहायचा, संध्याकाळी भाट्याच्या वाळूत बसायचे आणि दोन्ही वेळा मासे जेवायचे, असा त्यांचा साधा बेत असतो. बेत उत्तमच आहे. तो बिघडतो ताटापाशी. बहुतेक टेबलांवरून मागणी येते ती सुरमई थाळीची, नाहीतर पापलेट थाळीची. फार तर जोडीला कोळंबी. मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर शहरातच असताना तिथे आज काय उतरले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा, आणि विचारण्याची सर्वांत जास्त सोय दोघांनीच प्रवास करणाऱ्यांना आहे, असे आमचे मत आहे.

बंदरात काय काय येते ते एकदा जाऊन पाहावे. पावसाळ्यानंतर बांगडा आणि तारली. शिवाय मांदेली, ढोमी, लेप, राणी मासा, वाकट्या, माकूल. खाडीच्या अंगाचे मुडदुशे, खेकडे, तिसऱ्या आणि कालवे वेगळीच. शहरातल्या घरांत यांतल्या प्रत्येकाची रीत ठरलेली आहे. बांगड्याचे तिरफळ घालून तिखले, मुडदुशे रवा लावून तव्यावर, मांदेली काट्यासकट कुरकुरीत, तिसऱ्या ओल्या खोबऱ्यात सुक्या. दालदी, खारवी आणि भंडारी स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले हे ज्ञान आहे. बाहेरगावच्या पाहुण्याच्या ताटात मात्र ते क्वचितच पोहोचते, कारण पाहुणा मागत नाही आणि मागत नाही म्हणून खाणावळवाला ठेवत नाही.

हा केवळ चवीचा प्रश्न असता तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. सगळ्यांची नजर दोन-तीन माशांवर खिळली की भार समुद्रावर पडतो. राज्य सरकारने २०२३ साली पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले, त्यामागे हा मासा कमी होत चालल्याची चिंता होती. त्याच वर्षी ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवून त्याहून लहान मासा पकडण्यावर निर्बंध आले. तरीही थाळीचे गणित उलटेच चालते. मोठे पापलेट महाग. ते ताटलीत अख्खे मावावे आणि थाळीचा दर आटोक्यात राहावा, म्हणून लहान आकाराला मागणी येते. म्हणजे ज्याने अजून अंडीही घातली नसतील असा मासा पाहुण्यापुढे येतो. त्यामानाने बांगडा, तारली हे लवकर वाढणारे, लवकर वयात येणारे, थव्याने फिरणारे मासे. त्यांनाही अंत आहेच. म्हणून तर थवाच्या थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले आणि प्रखर दिवे लावून केलेल्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. पण कायदा राबवायला गस्तीनौका लागतात, मनुष्यबळ लागते. मागणी बदलायला मात्र गिऱ्हाईकाने मनावर घेतले तरी पुरते.

गिऱ्हाईकाने ऋतूही लक्षात ठेवायला हवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ आणि खवळलेल्या समुद्रात खलाशांच्या जिवालाही धोका. त्या दिवसांत रत्नागिरीत बसून सुरमईचा आग्रह धरला, तर ताटात पडणारी तुकडी बहुधा शीतगृहातली असते. पावसाळ्यात इथे यायचे ते सुकटीच्या चटणीसाठी, सोड्यांसाठी, अळूच्या फदफद्यासाठी, टाकळा-भारंगीच्या भाजीसाठी आणि कुळथाच्या पिठल्यासाठी. हे पदार्थ नाइलाजाचे नाहीत. दर्या बंद असतानाही पोटभर आणि रुचकर कसे जेवावे, हे किनाऱ्याने त्यांतूनच शोधून काढले.

जोडप्यांकडे आम्ही मुद्दाम वळतो, त्याला कारण आहे. चाळीस माणसांची सहल आली की चाळीस सारख्या तुकड्या लागतात आणि त्या सुरमईच्याच निघतात. दोघांसाठी चार बांगडे किंवा एक वाटा मुडदुशे पुरतात. जे आले असेल ते कोणतीही खाणावळ दोन माणसांना करून घालू शकते. दुसरी गोष्ट काट्यांची. लहान माशांना काटे असतात म्हणून लोक ते टाळतात. काटे काढत जेवायला निवांतपणा लागतो, आणि सुट्टीवर दोघांनी जायचे ते निवांतपणासाठीच. समोरासमोर बसून, गप्पा मारत, तासभर चालणारे जेवण हा त्या सुट्टीतला सर्वांत चांगला भाग ठरू शकतो. तिखले कसे करतात हे वाढणाऱ्या बाईंना विचारले तर त्या सांगतातही.

शहर पाहण्याबद्दलही हेच. रत्नदुर्गावर फोटो काढून लोक उतरतात. पण त्याच गडावरून खाली मिरकरवाडा दिसतो. तिथून बंदरावर जावे, जाळी विणणारे हात पाहावेत, लिलावाची बोली ऐकावी. थिबा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्या वास्तूपुढे पाच मिनिटे थांबून निघणे हा तिचा अपमान आहे. पतित पावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने उभे राहिले आणि सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असतानाच्या त्या वर्षांत इथे सहभोजनेही झाली. कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे यावर ज्या शहरात एवढे वादळ उठले, तिथे अनोळखी लोकांशेजारी बसून जेवताना तो इतिहास दोघांनाही ठाऊक असावा.

खाणावळवाल्यांचीही इथे जबाबदारी आहे. पाहुणा नाराज होईल या भीतीने त्यांनी वर्षभर एकच कार्ड पुढे करू नये. दाराशी फळा लावावा. त्यावर आज आलेले मासे आणि त्यांचे दर खडूने लिहावेत. बांगड्याची थाळी सुरमईच्या थाळीपेक्षा स्वस्त पडेल, गिऱ्हाईक वाढेल आणि ज्या लहान होड्या रोज जाऊन रोज परततात त्यांच्या माशाला चांगला भाव मिळेल. लिलावात पडेल त्या किमतीला जाणाऱ्या माशाला गावातच मागणी तयार झाली, तर त्याचा फायदा पाटी घेऊन बसणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतो. नगरपालिकेने आणि पर्यटन खात्याने किनाऱ्यावर आणखी एक सेल्फीचा चौथरा बांधण्याऐवजी बंदराचा परिसर स्वच्छ ठेवावा, पाहुण्याला लिलाव सुरक्षितपणे पाहता येईल अशी जागा करावी.

सुट्टीत आवडीचे खाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. सुरमई जरूर खावी. ती आली असेल त्या दिवशी, आणि मोठ्या माशाची. बाकीच्या दिवशी निर्णय बंदरावर सोपवावा. ज्या किनाऱ्याच्या जिवावर आपण सुट्टी आनंदात घालवतो, त्याच्या मासेमारांना उद्याही जाळ्यात काहीतरी लागले पाहिजे, एवढी काळजी पाहुण्याने घ्यायलाच हवी. त्यासाठी त्याला ना त्याग करावा लागतो, ना जादा पैसे मोजावे लागतात. खुर्चीत बसल्यावर कार्ड उघडण्याआधी एवढेच विचारावे: आज बंदरावर काय आलंय?