घरी सांगितलं तर आई खेळणं बंद करेल!



आमचं हथखोज म्हणजे भिलाईतला कारखान्यांचा भाग. हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालूनच माणसं कामावर जातात. पण त्यांच्याच घरातली मुलं संध्याकाळी फुटबॉल खेळायला निघाली, की "वॉर्मअप करतोस ना?" असं कुणी विचारत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा कॉलेजच्या टीममध्ये आहे. यंदा त्यांचा अख्खा सीझन दुखापतींनी खाल्ला. एकाचा घोटा मुरगळला, दुसऱ्याच्या मांडीचा स्नायू ताणला गेला, गोलकीपरचं बोट मोडलं. शेवटच्या सामन्याला जेमतेम अकरा जण उरले. आमचा पठ्ठ्या सुजलेल्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून उतरला आणि अर्ध्या तासात त्याला उचलून बाहेर आणावं लागलं.

काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, घरी सांगितलं तर आई खेळणंच बंद करेल."

हे वाक्य तुमच्या घरातही कुणाच्या तरी मनात असेल, नाही का?

मोठ्या खेळाडूंचंही शरीर शेवटी शरीरच. भारताचा बचावपटू संदेश झिंगन आठवतो? ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि २०१९-२० चा सीझन हातातून गेला. तो परतला आणि २०२०-२१ चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. जानेवारी २०२४ मध्ये एशियन कपात सीरियाविरुद्ध पुन्हा गुडघा दुखावला. तरी उपचार घेऊन तो पुन्हा मैदानात आला. थांबणं म्हणजे खेळ संपणं नव्हे, हे मुलांना यातून सांगता येतं.

बऱ्याच दुखापती टाळताही येतात. 'फिफा ११ प्लस' हा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. त्यात धावणं, ताकद, तोल आणि उडी मारून नीट टेकणं असे १५ व्यायाम आहेत. महागडं साधन लागत नाही, व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघता येतात. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा वॉर्मअप करणाऱ्या संघांमध्ये गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी दिसल्या.

आणि लागलंच तर? सूज आली, पाय टेकवत नाही किंवा गुडघा सटकल्यासारखा वाटतो, तर मालीश नको. खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

काकूंनी शेवटी काय केलं? रागावल्या, रडल्या, मग त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. खेळ मात्र बंद केला नाही. सध्या तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि ज्युनिअर मुलांकडून वॉर्मअप करून घेतो.

आज तुमचा खेळाडू घरी आला, की "जिंकलास का?" विचारण्याआधी "कुठे दुखतंय का रे?" असं विचाराल?