कापलेला शेवट ओळखायला शिकवूया

२०१८ साली एक व्हिडिओ देशभर फिरला. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पळ काढतात, एवढेच त्यात दिसे. पाहणाऱ्यांना वाटले, मुले पळवणारी टोळी आली. प्रत्यक्षात तो कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत तेच दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. त्याच वर्षी १ जुलैला, मुले पळवण्याच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले.

काही सेकंदांचा तुकडा कापला की अर्थ उलटा होतो. हे भाषण देऊन मुलांना पटत नाही. ज्याने स्वतः दहा क्लिपा घेतल्या, त्यातल्या सात टाकल्या आणि उरलेल्या तीन जोडल्या, त्यालाच समोरचा व्हिडिओ पाहताना ‘याच्या आधी काय होते, नंतर काय होते?’ असा प्रश्न पडतो. म्हणून सहावी ते दहावीच्या मुलांना व्हिडिओ तयार करायला शाळेत शिकवले पाहिजे, असे माझे मत आहे. आणि सुरुवात मुळशी तालुक्यातून व्हावी.

मुळशीच का? मी ज्या हिंजवडीत सॉफ्टवेअरचे काम करतो, ती याच तालुक्यात आहे. लवळ्याच्या डोंगरावर माध्यमांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. डोंगराखालच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या घरी फोन असतो, पण तो फक्त पाहण्यासाठी. दुसरे कारण कटू आहे. मे २०२५ मध्ये पौडच्या मंदिरात मूर्तीची विटंबना झाली. ते कृत्य निषेधार्हच होते. पण त्यानंतर तालुक्यातील काही गावांत बाहेरगावच्या मुसलमानांना स्थानिक मशिदीत नमाजाला मनाई करणारे ठराव झाले. आपण शेजाऱ्याला त्याच्या घरी गेल्यामुळे ओळखतो, की फोनवर आलेल्या क्लिपमुळे? हा प्रश्न आता शाळेच्या दारात आला आहे.

यासाठी वेगळा विषय वाढवण्याची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची तरतूद आहे. ते दहा दिवस वापरावेत. हाताने काम करत शिकण्याची वाट पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून आपल्याच जिल्ह्यात घालून दिली आहे.

पाच मुलांत एक फोन आणि संकलनाचे एखादे मोफत अॅप पुरेसे आहे. पहिला धडा असा: आजोबांचा हसरा चेहरा दहा सेकंद टिपायचा. त्यापुढे एकदा खेळणाऱ्या नातवाची क्लिप जोडायची, दुसऱ्यांदा घसरून पडलेल्या माणसाची. चेहरा तोच, पण पहिल्यांदा आजोबा प्रेमळ वाटतात आणि दुसऱ्यांदा निर्दयी. नंतर वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलांनी एकत्र जाऊन एखाद्याचे काम टिपावे. भात लावणाऱ्या मावशी असोत, बेकरीवाले चाचा असोत वा धरणात गेलेल्या गावाच्या आठवणी सांगणारे आजोबा. अर्ध्या तासाच्या चित्रीकरणातून दोन मिनिटे उरवायची आणि ती सर्वांत आधी त्याच माणसाला दाखवायची. ‘मी असं म्हटलं नव्हतं’ असे तो म्हणाला, तर संकलन पुन्हा करायचे. या दहा दिवसांतला सर्वांत मोलाचा धडा हाच.

पालक म्हणतील, मुले आधीच रील्समध्ये बुडाली आहेत. खरे आहे. पण पोहता न येणाऱ्याला पाण्याची नुसती भीती घालून तो वाचत नाही. दुसरी हरकत आपल्या मोहल्ल्यात हमखास येईल आणि इतर घरांतही येईल: ‘मुलगी व्हिडिओत दिसेल.’ तिने दिसलेच पाहिजे असे नाही. कॅमेरा तिच्या हातात असेल, तर काय दाखवायचे आणि काय नाही, हे तीच ठरवेल. नियम दोनच ठेवावेत: संमतीशिवाय कुणाचे चित्रीकरण नाही, आणि तयार झालेले काही इंटरनेटवर टाकायचे नाही. ते शाळेच्या भिंतीवर, गावासमोर दाखवायचे.

शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यामुळे ही जबाबदारी त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पालकांनी मांडावा. आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्यांनी वर्षातले दहा दिवस पौड, पिरंगुट, घोटवड्याच्या शाळांना द्यावेत. फोन आपल्याकडे आहेत, ते चालवण्याचे ज्ञानही आहे. बैठकीची तारीख तेवढी विचारून यायची आहे.