आईचा अर्धा तास

परवा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आईला पुन्हा शिकायचंय. लग्नामुळे बी.ए. अर्धवट राहिलं. पण आता ४२व्या वर्षी लोक काय म्हणतील?"

म्हणू द्या! इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून घर-नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम तर मोबाईलवर मोफत पाहता येतात; पैसे पडतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

खरी अडचण भाषेची. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत. घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणारी आई तिथंच अडते. तेव्हा लेकीनं रोज अर्धा तास शेजारी बसावं, अडलेला शब्द मराठीत नाहीतर कन्नडमध्ये सांगावा. पाटीवर हात धरून गिरवायला आईनंच शिकवलं होतं ना?