शेअरवाल्याला अर्ध्या तासात, कामगाराला कधी?



२८ ऑक्टोबर २०२१, गुरुवार. आपल्या रेल्वेच्याच पोटातून १९९९ साली जन्मलेल्या आय.आर.सी.टी.सी. या कंपनीने शेअर बाजाराला एक पत्र दिले. ऑनलाइन तिकीट काढताना प्रवाशाकडून जी सुविधा फी घेतली जाते, तिचा निम्मा वाटा १ नोव्हेंबरपासून रेल्वे मंत्रालयाला द्यावा लागेल, असा त्यातला मजकूर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडला आणि कंपनीच्या शेअरचा भाव पाव हिश्शाहून अधिक कोसळला. आपण दुपारचा डबा उघडायच्या आतच अर्थमंत्रालयात निर्गुंतवणुकीचे काम पाहणाऱ्या विभागाच्या सचिवांनी जाहीर करून टाकले की, रेल्वे मंत्रालयाने तो निर्णय मागे घेतला आहे. भाव सावरला. संध्याकाळी बाजार बंद झाला तेव्हा घसरण सात-आठ टक्क्यांवर आली होती.

एका दिवसात भारत सरकारचा निर्णय फिरला! आता आपल्याकडे पाहा. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाचे कारण सांगून महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. त्याच दिवसांत मालगाड्या धावत होत्या, गँगमन रुळावर होता, पोस्टमन दारोदार औषधे आणि पैसे पोहोचवत होता. जुलै २०२१ पासून भत्ता पुन्हा सुरू झाला, पण मधल्या अठरा महिन्यांच्या थकबाकीला सरकारने संसदेत नकार दिला. निवेदने झाली, निदर्शने झाली. तेथे निर्णय फिरला नाही.

ही तुलना केली की कोणालाही राग येईल. परंतु नुसत्या रागाने आपल्या हाती काही लागत नाही. शेअरवाल्याचा आवाज इतक्या लवकर का ऐकला जातो, त्यामागे कोणती व्यवस्था उभी आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक मोठ्या कंपनीत ‘इन्व्हेस्टर रिलेशन्स’ नावाचे खाते असते. गुंतवणूकदारांना माहिती देणे, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, आणि संकट आले की काय बोलायचे, कोणी बोलायचे आणि केव्हा बोलायचे हे ठरवणे, हे त्या खात्याचे काम. हा केवळ शिष्टाचार नव्हे; त्यामागे कायदा आहे. सेबीने २०१५ साली केलेल्या आणि २०२३ साली अधिक कडक केलेल्या नियमांप्रमाणे, संचालक मंडळाची बैठक संपल्यावर महत्त्वाचे निर्णय साधारणपणे अर्ध्या तासात शेअर बाजाराला कळवावे लागतात. कंपनीच्या आत घडलेली इतर महत्त्वाची घटना बारा तासांत आणि बाहेरून आलेली चोवीस तासांत. १ जून २०२४ पासून सर्वात मोठ्या १०० कंपन्यांना आणि १ डिसेंबर २०२४ पासून २५० कंपन्यांना आणखी एक बंधन आले: वर्तमानपत्रांत किंवा टीव्हीवर अफवा आली आणि तिच्यामुळे भाव हलला, तर ती खरी की खोटी हे चोवीस तासांत सांगायचे. इतकेच काय, संप किंवा टाळेबंदीमुळे काम मोठ्या प्रमाणावर थांबले, तर तेही गुंतवणूकदाराला कळवण्याच्या यादीत आहे. म्हणजे तुमचा-आमचा संप हीदेखील शेअरवाल्याच्या हक्काची बातमी आहे!

हे नियम वाईट आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ते पोळून निघाल्यावर कडक होत गेले आहेत. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की हिशेब खोटे आहेत, आणि कागदावर दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात नाहीच. पन्नास हजारांवर कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. सरकारने दोन दिवसांत जुने संचालक मंडळ बरखास्त केले. नव्या संचालकांपुढे ग्राहकांना सांभाळणे जितके निकडीचे होते तितकेच कर्मचाऱ्यांना पगाराबाबत धीर देणेही होते, कारण माणसे सोडून गेली असती तर कंपनीत विकण्याजोगे काही उरलेच नसते. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ती कंपनी घेतली आणि काम चालू राहिले. संकटात कामगाराशी खरे बोलणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत, संस्था वाचवण्याचा तो एक मार्ग आहे, हे त्यावरून दिसते.

मग आपल्याकडे काय होते? रेल्वे आणि डाक ही सरकारी खाती आहेत, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या नव्हेत. त्यामुळे त्यांच्यावर अर्ध्या तासाचे बंधन नाही, बारा तासांचेही नाही. संकट आले की साहेबांच्या तोंडून पहिले वाक्य काय निघेल, यावर कोणताही अंकुश नाही. त्याची किंमत कोण मोजतो?

१७ जून २०२४ ची सकाळ आठवा. उत्तर बंगालमध्ये न्यू जलपाईगुडीजवळ रंगापाणी येथे उभ्या असलेल्या कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. दहा माणसे मेली. त्यांत मालगाडीचा ड्रायव्हरही होता. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी माध्यमांना सांगितले की, प्रथमदर्शनी मालगाडीच्या ड्रायव्हरने सिग्नल पाळला नाही. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नव्हता. देशभर बातमी गेली ती ‘ड्रायव्हरची चूक’ अशी. नंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघाले? त्या सेक्शनमधले ऑटोमॅटिक सिग्नल पहाटेपासून बंद होते. बिघडलेले सिग्नल ओलांडण्यासाठी ड्रायव्हरला दिलेला कागदी परवाना चुकीचा होता, आणि गाडी किती वेगाने न्यायची हे त्यावर लिहिलेलेच नव्हते. त्या सकाळी तेथून गेलेल्या गाड्या वेगवेगळ्या वेगाने गेल्या. पंधरा किलोमीटरचा नियम पाळून जात होती ती एकटी कांचनजंगा. ड्रायव्हर आणि स्टेशन मास्तर यांना अशा प्रसंगाचे पुरेसे शिक्षण दिलेले नव्हते, हेही अहवालात आले. दोष अनेक पातळ्यांवरचा निघाला. परंतु पहिल्या दिवशी नाव गेले ते एकाचेच. त्या माणसाच्या घरच्यांनी ते महिने कसे काढले असतील?

एखाद्या नोंदणीकृत कंपनीने गुंतवणूकदाराला अशी अर्धवट माहिती दिली असती आणि त्याने भाव पडला असता, तर सेबीची नोटीस आली असती. येथे भाव पडला तो एका मृत कामगाराच्या अब्रूचा, आणि त्याची नोंद घेणारी सेबी नाही.

डाक खात्यातला ताजा अनुभवही याच जातीचा. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. बाहेर बातमी पसरली ती ‘रजिस्टरी बंद’ अशी. बंद आणि विलीन यांतला फरक समजावण्याचे काम पडले ते खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्यावर आणि पायऱ्या चढणाऱ्या पोस्टमनवर. संस्थेचा पहिला प्रवक्ता हाच माणूस असतो. लोक दिल्लीच्या पत्रकापेक्षा त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतात, आणि नेमके त्यालाच नीट माहिती देण्याची तसदी शेवटी घेतली जाते.

काही तरुण सभासद म्हणतील, शेअर बाजाराशी आपला संबंध काय? संबंध आहे. १ जानेवारी २००४ नंतर जे सेवेत आले आणि नव्या पेन्शन योजनेत गेले, त्यांच्या पगारातून दरमहा कापलेल्या पैशांचा काही भाग शेअर बाजारात जातो. म्हणजे रुळावरचा तरुण ट्रॅकमन न सांगता-सवरता भागधारक झालेला आहे. आणि येथेच खरी गुंतागुंत आहे. सुविधा फीचा निम्मा वाटा रेल्वेच्या तिजोरीत आला असता, तर ती तुमच्या-आमच्या खात्याची कमाई होती. तो कंपनीत राहिला, म्हणून शेअर वर गेला. एकाच कामगाराचा डावा हात रेल्वेत आणि उजवा बाजारात, अशी अवस्था करून ठेवली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२० रुपयांनी विकलेला हा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला होता. डिसेंबर २०२२ च्या विक्रीनंतर सरकारचा हिस्सा ६२ टक्क्यांच्या आसपास आला. जसजसा बाहेरचा हिस्सा वाढतो, तसतसे खात्याने कोणाचे आधी ऐकायचे, हे बाजार ठरवू लागतो.

आता आमच्या घरातले. प्रशासनाकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत मला समजले की आमचा एक छोटा डेपो हलणार आहे. ‘कागद निघेपर्यंत बाहेर बोलू नका,’ असे अधिकारी म्हणाले आणि मी गप्प बसलो. दहा दिवस. तोपर्यंत चहाच्या टपरीवर डेपो शंभर कोस दूर गेला होता! एका ट्रॅकमनने घाबरून विनंती बदलीचा अर्ज दिला. तो मंजूर झाला, आणि नियमाप्रमाणे नव्या जागी त्याची सिनियॉरिटी सर्वात खाली गेली. डेपो हलला तो शेवटी पुढच्याच स्टेशनवर. तो भाऊ मला नंतर भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, ‘साहेब, तुम्हाला माहीत होतं ना?’ मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून मला माहीत झालेली गोष्ट मी सभासदांपासून दडवून ठेवत नाही, आणि जी माहीत नाही ती ‘माहीत नाही’ असे सांगतो.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत आणि त्या पी.एन.एम.मध्ये, डाक खात्याच्या संयुक्त बैठकीत आणि वर फेडरेशनच्या पातळीवर लावून धरल्या पाहिजेत. एक, कामगारांवर परिणाम करणारा निर्णय ज्या घटकेला बाहेर जाहीर होईल, त्याच घटकेला तो हिंदीत व त्या राज्याच्या भाषेत नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. ‘ही माहिती भावावर परिणाम करणारी आहे, आधी सांगता येत नाही,’ असे कंपन्यांचे अधिकारी म्हणतात. ठीक आहे, आधी नको. पण नंतर तरी का? दोन, अपघातानंतर सुरक्षा आयुक्तांची चौकशी पुरी होईपर्यंत कोणत्याही अधिकाऱ्याने कोणा एका कामगारावर जाहीरपणे दोष ठेवू नये. तीन, डेपो, शेड, आर.एम.एस. कार्यालय बंद किंवा विलीन होण्याची अफवा उठली आणि युनियनने लेखी विचारले, तर चोवीस तासांत लेखी उत्तर मिळावे. कंपन्यांना जमते, ते खात्याला का जमू नये?

आणि एक काम आपण आजपासून करू शकतो. शेअर बाजाराला दिलेली पत्रे कोणालाही फुकट वाचता येतात. इरकॉन, राइट्स, रेल विकास निगम, रेलटेल, कॉन्कॉर, आय.आर.सी.टी.सी. या सगळ्या कंपन्या ती देतात. सर्वात मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी एक जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम किती, कंत्राटी किती, अपघात किती, मृत्यू किती, युनियनचे सभासद किती, हे सर्व आकडे असतात. ते गुंतवणूकदारासाठी लिहिलेले असतात, पण आहेत ते आपल्याविषयी! प्रत्येक शाखेने एका शिकलेल्या तरुण सभासदाला हे काम द्यावे आणि महिन्यातून एकदा गेट मीटिंगमध्ये त्याने दहा मिनिटे ते मराठीत समजावून सांगावे. भुसावळ-नागपूरच्या शाखांनी आणि इटारसी, सिकंदराबाद, खडगपूरकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी याची सुरुवात करावी आणि काय हाती लागले ते या पानासाठी लिहून पाठवावे.

पैसे गुंतवणाऱ्याला खरे आणि वेळेवर कळण्याचा हक्क कायद्याने मिळाला, तो कोणी आपणहून दिलेला नाही, मागून आणि भांडून मिळाला. ज्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे गुंतवली त्याचा हक्क त्याहून कमी कसा? तो मागण्यासाठी संघटना आहे. मात्र मागणाऱ्याने आधी आपल्या सभासदाशी खरे बोलावे. माझ्यापासून सुरुवात केली आहे, आपणही करा.